भिंती नसलेला वारसा : आदिलाबादची गोंड स्थाने आणि त्यांचे जतन

या प्रशालेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतीप्रीत्यर्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, याबद्दल मी संस्थेच्या चालकांचा ऋणी आहे. गुरुजी इतिहास शिकवीत आणि दिल्ली-आग्र्याच्या इमारतींचा धडा संपला की हमखास उटनूरच्या किल्ल्याकडे वळत, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. तोच धागा धरून मी आज आपल्या परिसरातील गोंड समाजाच्या स्थानांविषयी बोलणार आहे. ही स्थाने कोणती, ती आजवर कोणी सांभाळली आणि पुढे ती कोणाच्या हाती राहावीत, एवढाच माझ्या विवेचनाचा आवाका आहे.

प्रथम 'आदिलाबाद' हे नाव मी कोणत्या अर्थाने वापरीत आहे ते स्पष्ट करतो. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. केस्लापूर, इंद्रवेल्ली, उटनूर आणि गुंजाळा ही गावे आजच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहेत. मारलावाई आणि जोडेघाट ही कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली. त्याआधी 1956 मध्ये भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आपल्यापासून निघून मराठी मुलखात गेले. गोंडांच्या सोयरिकींनी आणि देवांनी मात्र यातील एकाही सरहद्दीची दखल घेतलेली नाही. चांद्याच्या गोंड राजांचा अंमल एके काळी वर्धा-पैनगंगेच्या दोन्ही अंगांना होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही.

आता 'वारसा' या शब्दाकडे येऊ. आपल्या देशात प्राचीन स्मारकांविषयीचा मुख्य केंद्रीय कायदा 1958 चा आहे. त्याच्या व्याख्येनुसार स्मारक म्हणजे किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली वास्तू, थडगे, लेणे, शिलालेख वा तत्सम काही. ही व्याख्या करणाऱ्यांच्या नजरेसमोर दगड होता. आणि दगडाच्या बाबतीत ती वाईटही नाही. परंतु गोंडांच्या 'पेर्सापेन'ला, म्हणजे कुळाच्या थोर देवाला, ही व्याख्या लावून पाहा. त्या देवाची प्रतीके म्हणजे एक लोखंडी भाल्याचे पाते, एक चवरी, काही वस्त्रे आणि घंटा. ती वर्षातला बराच काळ गावाबाहेर, एखाद्या झाडावर किंवा साध्या झोपडीत ठेवलेली असतात आणि सणाला बाहेर काढली जातात. तेथे तट नाही, शिखर नाही, शिलालेख नाही. सर्वेक्षणाचा अधिकारी त्या झाडाखालून दहा वेळा गेला तरी त्याच्या वहीत काहीच नोंदले जाणार नाही. आणि तरीही त्या कुळाच्या लेखी त्याहून पवित्र जागा नाही. आपल्या जिल्ह्यातील वारशाचा फार मोठा भाग असा भिंतींवाचून उभा आहे.

मग तो टिकला कशाने? याचे उत्तर केस्लापूरच्या नागोबाइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे मिळेल असे मला वाटत नाही.

इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूर हे मेस्राम कुळाच्या नागदेवतेचे स्थान. पौष अमावास्येच्या रात्री महापूजा होते आणि त्यानंतर काही दिवस जत्रा भरते. जत्रेतील पाळणे आणि दुकाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. परंतु जत्रा हा त्या विधीचा शेवटचा आणि, मी म्हणेन, सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होय. खरे काम त्याआधी कित्येक दिवस सुरू झालेले असते. मेस्राम मंडळी जन्नारम मंडलातील हस्तिनमडुगू येथे गोदावरीचे पाणी आणण्यासाठी पायी निघतात. वाटेत कोठे थांबायचे, कोणत्या गावी मुक्काम करायचा, हे ठरलेले असते. परतताना इंद्रवेल्लीच्या इंद्रादेवीची पूजा होते. मग केस्लापूरच्या वडांखाली मुक्काम पडतो. त्या वर्षात कुळातील जी माणसे निवर्तली त्यांचे 'तूम' हे विधीही या काळात केले जातात. पूजेसाठी लागणारी नवी मडकी सिरिकोंड्याच्या गुग्गिल्ला कुंभारांकडून येतात, दुसरीकडून नाहीत. महापूजेनंतर कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी वस्त्रे नेसून देवासमोर येतात. त्यांची देवाशी ओळख करून दिली जाते आणि वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेतले जातात. या विधीला 'भेटिंग' असे नाव आहे. ती झाल्यावाचून सुनेला कुळाच्या देवकार्यात पूर्ण स्थान मिळत नाही.

मी हा तपशील मुद्दाम सांगितला. या साखळीत देऊळ ही एकच कडी आहे. नदीचा डोह, वाटेवरील मुक्कामाची गावे, वडाची झाडे, सिरिकोंड्याची भट्टी, सासरी आलेली मुलगी, या सर्व कड्या तेवढ्याच मोलाच्या आहेत. उद्या कोणी देऊळ काचेच्या पेटीत ठेवावे तसे जपले आणि वड मात्र रस्तारुंदीसाठी तोडले, तर कागदोपत्री स्मारक सुरक्षित राहील आणि मेस्रामांची यात्रा अपंग होईल. सिरिकोंड्याच्या कुंभारकामाचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. तो कारागीर गोंड नाही. पण त्याच्या चाकावाचून गोंडांची पूजा पुरी होत नाही. अशा परस्परावलंबनाचे रक्षण कोणत्या खात्याने करायचे? पुरातत्त्व खाते त्याला मडके समजेल, उद्योग खाते त्याला लघुउद्योग समजेल. ते काय आहे हे फक्त मेस्राम आणि गुग्गिल्ला जाणतात.

याच केस्लापूरने आपल्यापुढे एक अवघड प्रश्नही ठेवला आहे. मेस्राम कुळाने पूर्वीच्या लहान देवळाच्या जागी घडीव दगडाचे नवे भव्य मंदिर उभारले आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये तेथे प्रतिष्ठापना झाली. खर्चाचा मुख्य भार कुळातील कुटुंबांनी वर्गणी काढून उचलला. जतनशास्त्राचा एखादा कडवा अभ्यासक म्हणेल की, हे जतन नव्हे. जुनी वास्तू गेली आणि तिच्याबरोबर तिचा साधेपणाही गेला. त्याच्या खंतेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्या साधेपणाचा मालक कोण? आपल्या देवाला दगडी मंदिर असावे अशी इच्छा पैठणच्या किंवा पंढरपूरच्या भक्ताने केली तर आपण तिला भक्ती म्हणतो. गोंडाने केली तर तिला वारशाचा नाश म्हणतो. हा दुजाभाव मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातील बरा या गावी 1979 मध्ये तेथील तज्ज्ञांनी जतनाची एक सनद तयार केली. तिने वास्तूचे मोल ठरविताना सौंदर्य, इतिहास आणि शास्त्र यांच्या बरोबरीने सामाजिक मूल्य धरले. पुढे 1999 मध्ये त्यात आध्यात्मिक मूल्याची भर पडली. या दोन मूल्यांचे मोजमाप बाहेरचा माणूस करू शकत नाही. ते त्या समाजालाच विचारावे लागते आणि विचारले म्हणजे उत्तर ऐकावेही लागते, ते आपल्याला रुचो वा न रुचो.

माझी एकच सूचना राहील. पाडण्यापूर्वी जुन्या वास्तूची मापे, छायाचित्रे आणि तिच्याविषयी वृद्धांच्या आठवणी नोंदवून ठेवण्याचा प्रघात पडावा. यात कोणाच्या हक्काला बाध येत नाही आणि पुढच्या पिढीला निदान कागदावर तरी जुने देऊळ भेटते.

केस्लापूरहून इंद्रवेल्ली अगदी जवळ आहे. पण तेथील स्मारक निराळ्या जातीचे आहे. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या मागण्यांसाठी तेथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. तो फार अधिक होता असे सांगणारे पुष्कळ आहेत. पुढे तेथे हुतात्म्यांचा स्तंभ उभा राहिला, 1980 च्या दशकातच तो उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा बांधला गेला. त्यानंतरही कित्येक वर्षे 20 एप्रिलला तेथे जाऊन फुले वाहण्यावर निर्बंध असत. तेलंगण राज्य झाल्यानंतर ते हळूहळू सैल झाले. शंभर वर्षांच्या व्याख्येत हा स्तंभ बसत नाही, हे उघडच आहे. पण ज्यांना आपल्या बापाच्या स्मरणार्थ एक फूल वाहण्यासाठी इतकी वर्षे परवानगीची वाट पाहावी लागली, त्यांना आपण वयाची अट सांगणार काय?

या ठिकाणी मला अमेरिकेतील एक उदाहरण आठवते. कॅलिफोर्निया राज्यात सॅन दिएगो शहरात बॅरिओ लोगन नावाची मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती आहे. 1960 च्या दशकात हमरस्ता आणि मागून कोरोनाडोचा मोठा पूल यांनी ती वस्ती दुभंगली, अनेकांची घरे गेली. पुलाखालच्या जागेत उद्यान करून देण्याचे आश्वासन लोकांना मिळाले होते. 22 एप्रिल 1970 रोजी त्याच जागी रस्ता पोलिसांच्या ठाण्यासाठी यंत्रे येऊन उभी राहिली, तेव्हा बायामुलांसह सारी वस्ती यंत्रांसमोर आली, आणि लोकांनी जागा ताब्यात घेऊन झाडे लावली. अखेर उद्यान झाले. त्याचे नाव चिकानो पार्क. 1973 पासून चित्रकारांनी पुलाच्या खांबांवर आपल्या पूर्वजांची, शेतमजुरांची आणि पुढाऱ्यांची चित्रे काढली. ज्या खांबांनी घरे मोडली तेच खांब इतिहासाची पाने झाले. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी साधारणतः पन्नास वर्षांची अट आहे. ती पुरी होण्याआधीच, 2013 मध्ये, या उद्यानाची नोंद झाली आणि 2016 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक मानचिन्हाचा दर्जा मिळाला. त्या देशातील लॅटिन-अमेरिकी वंशाच्या लोकांची स्थाने सरकारी नोंदींत फारच थोडी आहेत, अशी तेथील कार्यकर्त्यांची तक्रार आहे. कारण त्यांचा इतिहास प्रासादांत घडला नाही, तो चाळींत, दुकानांत, चौकांत घडला. ही तक्रार आपल्या कानांना अगदी ओळखीची वाटावी.

चिकानो पार्कची देखभाल आजही वस्तीतील लोकांची समिती पाहते, हे मला त्या दर्जाहून महत्त्वाचे वाटते. चित्रे फिकी पडली तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी निधी आला, पण रंग भरण्याच्या कामात मूळ चित्रकार सहभागी होते. पैसा शासनाचा, हात समाजाचे, अशी ती विभागणी आहे.

आपल्याकडे ही विभागणी कशी होते ते जोडेघाटला पाहण्यासारखे आहे. 1940 मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना कोमरम भीम याच परिसरात पडला. 2016 मध्ये तेथे शासनाने स्मारक आणि आदिवासी संग्रहालय उघडले. इमारत चांगली आहे आणि ती झाली हे योग्यच झाले. परंतु लोक भीमाची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळतात. पुस्तकांत मात्र इंग्रजी तारखांचा घोळ आहे. येथे मी लोकांच्या तिथीच्या बाजूने आहे. चांदण्या रात्रीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या तोंडी राहिली. संशोधकांनी तारखेचा वाद खुशाल घालावा, पण स्मरणाचा दिवस ठरविण्याचा मान ज्यांचा माणूस गेला त्यांचाच.

भीमाच्या बंडानंतर निजाम सरकारला गोंडांची स्थिती समजून घ्यावीशी वाटली, आणि ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेन्डॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ मारलावाईला येऊन राहिले. 1943 मध्ये तेथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. मराठी भाषकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : त्या वेळी गोंडी मुलांसाठी तयार झालेली वाचनपुस्तके गोंडी भाषेत, परंतु देवनागरी लिपीत होती. या भागातील गोंडांचा बाहेरच्या जगाशी व्यवहार बव्हंशी मराठीतून चाले. त्यांच्या कुळकथा किकरीवर गाणाऱ्या प्रधानांपैकी पुष्कळांची घरची बोली तर मराठीच होती. प्रधान गातो गोंडीत आणि घरी बोलतो मराठीत, ही आपल्या जिल्ह्याची श्रीमंती आहे. पुढे सेतुमाधवराव पगडी हे आपले इतिहासकार हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना येथे आले. त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा अभ्यासिल्या आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. शिवकाळाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. ही बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही.

हाइमेन्डॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी 1987 मध्ये हैदराबादेत निवर्तल्या. त्यांना मारलावाईच्या मातीत विसावा मिळाला. 1995 मध्ये निवर्तलेल्या हाइमेन्डॉर्फ यांच्या अस्थीही पुढे तेथेच आणण्यात आल्या. दर 11 जानेवारीला गावकरी त्या समाध्यांपाशी जमतात. ज्यांच्यावर संशोधन झाले त्यांनीच संशोधकाची समाधी सांभाळावी, असे दृश्य जगात विरळा. याच मारलावाईचे कनकराजू यांना गुस्साडी नृत्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली; 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. मोरपिसांचा मुकुट संग्रहालयात ठेवता येतो. तो डोक्यावर घेऊन दिवाळीच्या दंडारीत पावले कशी टाकायची, हे मात्र ज्याने टाकली त्याच्याकडूनच शिकावे लागते.

नारनूर मंडलातील गुंजाळा गावची हकिकतही अशीच बोधक आहे. तेथे गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते घराघरांत जपलेली होती. 2006 च्या सुमारास प्रा. जयधीर तिरुमलराव आणि हैदराबाद विद्यापीठातील अभ्यासक यांनी ती उजेडात आणली. 'उजेडात आणली' हा आपला शब्दप्रयोग झाला. गुंजाळ्याच्या लोकांच्या दृष्टीने ती कधी अंधारात नव्हतीच. ती लिपी वाचू शकणारी वृद्ध मंडळी गावात हयात होती, म्हणूनच पुढचे सारे शक्य झाले. कागद उरला असता आणि वाचणारे गेले असते, तर ते एक कोडे होऊन बसले असते. 2018 मध्ये 'गुंजाळा गोंडी' या नावाने ही लिपी संगणकाच्या युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत दाखल झाली. जगातल्या कोणत्याही संगणकाला आता या लहानशा गावाचे नाव ठाऊक आहे.

दगडाविषयी मात्र मी अगदीच काही बोललो नाही, तर गुरुजींचे विद्यार्थी मला क्षमा करणार नाहीत. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण त्याला फार पूर्वीपासून आहे. तरीही झाडांची मुळे बुरुज फोडीत होती आणि तटावर कचऱ्याचे ढीग साचत होते. 2017 च्या मार्चमध्ये तेथील 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी सकाळी उठून तट साफ करण्यास आरंभ केला आणि तो शेकडो दिवस नेटाने चालविला. तटावरून पुन्हा चालता येऊ लागले. त्याच शहरात राणी हिराईने बांधलेली बिरशहाची समाधी आहे, ती पाहण्यास माणसे येऊ लागली. कायद्याचा फलक जे करू शकला नाही ते खराट्याने आणि विळ्याने केले. तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे : मुळे उपटणे आणि चुना भरणे ही तज्ज्ञाच्या देखरेखीची कामे आहेत. चुकीच्या ठिकाणी ओतलेले सिमेंट जुन्या चुन्याच्या भिंतीत ओल कोंडून ठेवते आणि दगड आतून सुटतो. उत्साहाला येथे थोडी विद्याही लागते. उटनूरच्या किल्ल्यावर असे काम निघाले तर हे आधी ठरवून घ्यावे.

आता कायद्याचा दुसरा, फारसा न वापरलेला भाग. अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 मध्ये संसदेने पंचायतींचा जो कायदा केला, ज्याला आपण 'पेसा' म्हणतो, त्यात लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख यांचे रक्षण करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधणाऱ्या गोष्टी रोखण्याचा अधिकार वननिवासींना आणि त्यांच्या ग्रामसभांना दिला. म्हणजे पेर्सापेनचे झाड स्मारकांच्या कायद्यात दिसत नसले तरी येथे दिसू शकते. अट एकच, ग्रामसभेने ठराव करून त्याची नोंद केली पाहिजे. नोंद नसलेल्या झाडाबद्दल कार्यालयात भांडता येत नाही.

या नोंदीच्या कामी शाळा उपयोगी पडू शकते, आणि या प्रशालेला ते सहज जमेल. आठवी-नववीच्या मुलांनी सुट्टीत आपापल्या गावच्या स्थानांची एक वही करावी. स्थानाचे गोंडी नाव, ते कोणत्या कुळाचे, त्याची सेवा कोणाकडे, कोणत्या महिन्यात तेथे जातात, त्याची कथा कोणता प्रधान गातो, लागणाऱ्या वस्तू कोण पुरवितो, आणि जवळून रस्ता, कालवा वा कुंपण जाणार आहे काय, एवढे रकाने पुरेत. विचारण्यापूर्वी गावच्या पाटलाची आणि कटोड्याची अनुमती घ्यावी. छायाचित्र नको म्हटले तर काढू नये. काही स्थानांविषयी बाहेर सांगायचे नसते. तेथे रकाना कोरा ठेवावा आणि 'सांगितले नाही' एवढेच लिहावे. वहीच्या दोन प्रती कराव्यात. लिहून झाल्यावर ती ग्रामसभेपुढे गोंडीत वाचून दाखवावी, वृद्ध सांगतील त्या दुरुस्त्या तेथल्या तेथे कराव्यात, आणि त्यांपैकी पहिली प्रत गावात पाटलाच्या घरी राहू द्यावी. शाळेच्या कपाटात दुसरी आली तरी चालेल.